गुळाची भाकर



आपल्या सावंगीत मेडिकल कॉलेज आलं १९९० मध्ये. मी त्याच्या बरंच आधीचं सांगतो, १९७३ च्या पोळ्याचं. पाऊस बरा झाला होता, पण नवी ज्वारी घरात यायला दिवाळी उलटायची होती. तोवर रेशनचा मिलो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकर थापताना काठाला चिरायची, निवली की चामडं. सोबत चून, नाहीतर अंबाडीची भाजी.

ती लाल भाकर मी शाळेत झाकून खायचो. कुणी विचारलंच तर सांगायचो, आईनं गूळ घातला आहे. (गुळाची भाकर ठेच्यासोबत कोण खातं? पण कुणी बोललं नाही.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा मोठा, आपला पारापुरता. बेगड लावलेले लाकडी बैल, मुरमुऱ्या-फुटाण्यांची दुकानं, कढईतली जिलेबी. तोरण तुटलं की बैल ओढत घरोघरी बोजारा मागायचा. मिळालेल्या पैशांची मी पुडीभर जिलेबी घेतली. वर्गातला एक दोस्त आडवा आला. म्हणाला, "अर्धी दे, अन् उद्या तुही गुळाची भाकर खाऊ घाल."

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भीत भीत डबा उघडला. त्यानंही आपलं फडकं सोडलं. आत तशीच लाल भाकर.

"आमची माय बी गूळच टाकते ना बे!"

तो आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची जिलेबी मी विसरलो नाही. जेवताना वाढायला मीच उभा राहणार आहे.