गाडी कापणाऱ्या पोराला कर्ज द्यायचं का?

कामं आवरली असतील तर बसा, नसली तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. मुलाला वेल्डिंगचं मशीन घ्यायचं होतं, पंधरा हजार रुपये हवे होते. अर्ज वाचून होतो न होतो तोच दुसऱ्या ताई म्हणाल्या, "ज्या पोरानं बापाची धडधाकट बुलेट कापली, त्याला आपण पैसे द्यायचे?" झालं, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. खरंच त्या पोरानं गाडीचे मडगार्ड कापले होते, सीट काढून टाकली होती, हँडल उंच केलं होतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "चांगल्या गाडीचं असं का करतात ही पोरं, मला तर काही कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. म्हणून निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि मी या विषयाची माहिती काढली. तीच आज तुम्हाला सांगते.

अशा गाडीला चॉपर म्हणतात. चॉपर म्हटलं की आपल्याला कांदा चिरायचं यंत्र आठवतं, नाहीतर पुढाऱ्यांचं हेलिकॉप्टर. पण चॉप म्हणजे कापणं, तोडणं. कापून-छाटून नवी घडवलेली मोटारसायकल ती चॉपर. हे वेड निघालं अमेरिकेत.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. हजारो तरुण सैनिक घरी परतले. लष्करात त्यांनी मोटारसायकली चालवलेल्या होत्या, खोलून दुरुस्त केलेल्या होत्या. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या. त्या वेळच्या हार्ले डेव्हिडसन गाड्या फार वजनदार, मोठमोठे मडगार्ड असलेल्या. पोरांना हव्या होत्या हलक्या आणि पळणाऱ्या. नवी गाडी घ्यायला पैसा नाही, पण हातात पाना धरायची अक्कल होती. मग पुढचा मडगार्ड काढ, मागचा अर्धा काप, नको ते सामान उतरव, असं सुरू झालं. म्हणजे सुरुवात गरजेतून आणि काटकसरीतून झाली.

पुढे १९६० नंतर त्याला वेगळंच रूप आलं. पुढचे दोन नळे, ज्यांना आपले गॅरेजवाले शॉकअप म्हणतात, ते लांबच लांब केले. चासी कापून, वाकवून पुन्हा जोडली. हँडल इतकं उंच की धरताना हात खांद्यापर्यंत वर जावेत. टाकी शेंगदाण्यासारखी लहान. काहींनी तर पुढचा ब्रेकही काढून टाकला. अशी गाडी वळवायला अवघड, लांबच्या प्रवासात पाठ मोडणारी. आता त्यात काटकसर राहिली नाही, सोय तर नाहीच. मग का बनवायचे?

मला वाटतं, त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. आपण गोधडी का शिवतो? बाजारात ब्लँकेट मिळतं. तरी आपण जुनी लुगडी काढतो, कुठला तुकडा कुठे लावायचा हे ठरवतो, कडेला आपल्या आवडीचा रंग घालतो. दुसऱ्या कुणाकडे अगदी तशी गोधडी नसते. कारखान्यातून हजारो गाड्या एकसारख्या निघतात. त्यातली एक आपल्यासारखी व्हावी, रस्त्यावरून गेली की लोकांनी म्हणावं "ही अमक्याची", ही ती ओढ आहे.

कॅलिफोर्नियात आर्लेन नेस नावाचे कारागीर होऊन गेले. पुढे ते या कामात जगप्रसिद्ध झाले. पण सुरुवातीला त्यांच्याकडे एकच जुनी हार्ले होती आणि दुसरी घ्यायला पैसे नव्हते. मग तीच गाडी ते पुन्हा पुन्हा खोलत, नव्या रूपात उभी करत आणि नवा रंग देत. एकाच गाडीवर त्यांचा हात बसला. हळूहळू मोठ्या कंपनीचंही या पोरांकडे लक्ष गेलं. १९७१ मध्ये हार्ले डेव्हिडसननं स्वतःच चॉपरच्या वळणाची एक गाडी कारखान्यातून काढली. ज्यांनी गाड्या कापल्या, त्यांच्याकडून कंपनी शिकली.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. १९६९ मध्ये ‘ईझी रायडर’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. दोन मित्र चॉपरवर बसून देशभर फिरतात, अशी त्याची कथा. त्यातली एक गाडी, जिच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलाय, ती जगातली सगळ्यात प्रसिद्ध चॉपर मानतात. नट प्रसिद्ध झाले, दिग्दर्शक प्रसिद्ध झाला. पण गाड्या बनवल्या कुणी? क्लिफ वॉन आणि बेन हार्डी या दोघा कृष्णवर्णीय माणसांचा त्यात मोठा वाटा होता. वॉन हे काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. हार्डी लॉस एंजेलिसमधले नावाजलेले मोटारसायकल मेकॅनिक. लिलावात घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्ले गाड्यांतून त्या चॉपर उभ्या राहिल्या. चित्रपटाच्या नामावलीत या कामासाठी दोघांचं नाव नाही. कित्येक वर्षं लोकांना ते माहीतच नव्हते. हार्डी १९९४ मध्ये वारले. वॉन यांचं नाव लोकांपुढे आलं तेव्हा ते म्हातारे झाले होते, २०१६ मध्ये तेही गेले. मधे २०१४ मध्ये त्या चित्रपटातली म्हणून एक गाडी लिलावात साडेतेरा लाख डॉलरला विकली गेली. ती खरी तीच का, यावर वाद झाला. पण बघा, गाडीला केवढं मोल आणि घडवणाऱ्याचं नावही नाही!

आपल्याकडे मुंबईत अक्षय वर्दे यांनी बुलेटवर असं काम करून नाव कमावलं. त्यांच्या गाड्यांचं नाव आहे ‘वर्देंची’. म्हणजे वर्दे यांची. मला हे फार आवडलं. केलेल्या कामावर आपलं नाव, तेही मराठीत.

पण एक सांगायलाच हवं. आपल्या देशात रस्त्यावरच्या गाडीत मन मानेल तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं ठरवलेली आणि आरसी बुकात नोंदलेली गाडीची रचना बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच बजावलं. रंग बदलला तरी आरटीओकडे नोंद करावी लागते. आणि मडगार्ड, आरसे, ब्रेक, सायलेन्सर हे कशासाठी असतात ते आपल्या पोरांना सांगायला कायद्याची गरज नाही.

ही माहिती घेऊन मी त्या ताईंच्या घरी गेले. पोरगा अंगणातच होता. मी म्हटलं, "दाखव बाबा काय केलंस." आधी लाजला. मग सीटखालची एक जोडणी दाखवली. म्हणाला, "मावशी, हे वेल्डिंग मी स्वतः केलं. भाड्याचं मशीन आणून. तीनदा तुटलं, चौथ्यांदा बसलं." मी बोट फिरवून बघितलं. चांगलं काम होतं. ताई दारात उभ्या होत्या. मला वाटतं त्यांनीही ती जोडणी पहिल्यांदाच बघितली असावी. इतके दिवस त्यांना फक्त कापलेलं दिसत होतं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. तासभर चर्चा झाली. शेवटी कर्ज मंजूर झालं, पण अटी घालून. बुलेट आरसी बुकाप्रमाणे पुन्हा होती तशी करायची. मशीन गटाच्या दोघीजणींसोबत जाऊन घ्यायचं, पावती आईच्या नावाची. हप्ता चुकवायचा नाही. आणि पहिलं काम गटाचं, शेवया आणि कुरडया वाळवायचे लोखंडी स्टँड. ज्या ताईंनी विरोध केला होता, त्यांनीच शेवटची अट सुचवली. म्हणाल्या, "स्टँडवर त्याचं नाव कोरायला सांगा. बिघडला तर कुणाला धरायचं ते कळेल." आम्ही खूप हसलो. पण स्टँड आले आणि प्रत्येकावर नाव आहे. पहिले दोन हप्तेही वेळेवर आले.

ते बघून आम्हालाच आमची चूक कळली. आमच्या गटाच्या गोधड्या प्रदर्शनात विकल्या जातात. चिठ्ठीवर गटाचं नाव असतं, शिवणारीचं कधीच नव्हतं. आता आम्ही प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात तिचं नाव दोऱ्यानं घालतो. आमच्यातल्या एक आजी लिहायला शिकल्या नव्हत्या. त्यांनी नातीकडून खडूनं नाव काढून घेतलं आणि त्यावरून टाके घातले.

तुमच्या गटात लोणचं असेल, पापड असतील, टोपल्या असतील. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आणि घरातलं पोर काही खोलून बसलं असेल, तर ओरडण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा, त्यानं काय जोडलंय.