डाळ दाबली जाते का?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न आठवतोय ना? प्रेशर कुकरमध्ये अन्न लवकर शिजते. का? ‘दाब वाढल्यामुळे पाण्याचा उत्कलनांक वाढतो.’ एका दमात लिहायचं आणि पूर्ण गुण घ्यायचे. बाई, आज कबूल करते. गुण मिळाले, पण वाफेच्या दाबाने डाळ चेपली जाऊन मऊ होते, अशीच माझी समजूत होती. ती थेट इंजिनिअरिंगपर्यंत टिकली!

हल्ली दर शनिवारी मी घराजवळच्या शाळेत नववीच्या मुलांना समजावून लिहायला शिकवते. त्याचं मूळ माझ्या एका चुकीत आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय करायचं, याचं टिपण मी कामावर लिहून ठेवलं होतं. एकदा रात्री दोन वाजता एक नवा मुलगा ते उघडून बसला. माझ्या हातवळणाची एक पायरी मी लिहिलीच नव्हती. सकाळपर्यंत काम ठप्प झालं आणि बोलणी त्याने खाल्ली. चूक माझी होती हे मी सांगितलं, पण त्याची रात्र जायची ती गेलीच.

वर्गात मी तोच कुकरचा प्रश्न दिला. अट एकच : उत्तर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचं. एका मुलीने आजीला दोन ओळी वाचून दाखवल्या. आजी म्हणाली, “म्हणजे डाळ दाबली जाते का गं?” मुलगी गप्प. पुढच्या शनिवारी तिने नव्याने लिहिलं :

‘झाकण घट्ट असल्यामुळे वाफ आत कोंडते. तिचा दाब पाण्यावर पडतो, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. उघड्या पातेल्यात गॅस कितीही मोठा केला तरी उकळतं पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. जास्त तापलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते.’

आजीला पटलं. मला तर तीस वर्षांनी माझ्याच उत्तराचा अर्थ सोप्या शब्दांत वाचायला मिळाला.

आमचे नियम तीनच. कुणासाठी लिहितोय ते आधी ठरवायचं. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला ‘म्हणजे काय?’ विचारायचं. आणि वाचणारा आपल्या शब्दांत परत सांगत असताना लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. तो जिथे अडखळेल, तिथे आपलं लिहिणं कच्चं.

बाई, तुम्ही फळ्याकडे पाठ करून विचारायच्या, “समजलं का?” आम्ही एका सुरात “हो” म्हणायचो. त्यातला माझा ‘हो’ खोटा होता. आता आपल्या शाळेतही असा वर्ग सुरू करावा, असं मनात आहे. मित्रांनो, शिकवायला नाही, नुसतं ऐकायला या. न समजल्यावर “नाही समजलं” म्हणायचं, एवढंच काम. त्या वयात ते आपल्याला जमलं नव्हतं.