मृगाच्या आधीचा हंगाम
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पाडवा जवळ आला. सालगड्यांची सालं ठरू लागली. म्हणजे आपले शेतीचे वर्ष सुरू झाले. तरी तयारीचे विचारले की उत्तर येते, ‘मृग लागू द्या.’ मृगात तयारी होत नाही, धावपळ होते. आणि त्या धावपळीत सावकाराच्या ओट्यावर, कृषी केंद्राच्या दारात आपण जे कबूल करतो, ते वर्षभर फेडत बसतो. शेतकी महाविद्यालयात आम्ही हेक्टरी उत्पादन शिकलो. हेक्टरी कर्ज कसे टाळावे हे कोणी शिकवले नाही. ते फाल्गुन-चैत्रात टळते. या कामांना पैसा थोडा आणि मेहनत जास्त लागते.

पहिले काम पऱ्हाटीचे. चार बोंडांच्या आशेने आपण फरदड ठेवतो आणि गुलाबी बोंडअळीला उन्हाळाभर आसरा देतो. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. किडक्या बोंडांत, जोडलेल्या सरक्यांत, जमिनीच्या भेगांत ती झोपून राहते. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली आली. पण २०१७ च्या हंगामात या दुसऱ्या बीटीतही अळीने बोंडे पोखरली, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून पऱ्हाटी मुळासकट उपटा. किडकी बोंडे वेचून नष्ट करा. सरपणाला पऱ्हाटी ठेवायची तर बोंडे झोडून ठेवा, आणि पावसाळ्याच्या आत ती संपवा. हे गावाने मिळून करायचे काम आहे, कारण पतंगाला कोणाचा धुरा कळत नाही. एकाची उभी फरदड दहा जणांचा कापूस खाते. जूनच्या आधी कपाशी लावू नका. पाती-फुले नसताना निघालेला पतंग पुढची पिढी न वाढवताच मरतो.

दुसरे काम जमिनीचे. खोल नांगरट दरवर्षी नको. तीन वर्षांतून एकदा पुरे, मध्ये वखराच्या पाळ्या द्या. ट्रॅक्टरचे भाडे वाचेल. नांगरट उताराला आडवी करा, म्हणजे पाणी वाहून न जाता मुरेल. कुंदा आणि हराळीच्या काश्या वेचून उन्हात वाळवा. फुटलेले धुरे आताच बांधा. पहिल्या जोराच्या पावसात गेलेली माती परत येत नाही.

तिसरे काम खताचे. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे ५ किलो नत्र असते. तेच खत ढीग घालून महिनाभर उन्हात ठेवले तर त्यातले बरेच नत्र उडून जाते. खत पसरले की त्याच दिवशी वखराने मातीत मिसळा. तोवर उकिरडा मातीने झाकून ठेवा.

चौथे बियाण्याचे. घरची ज्वारी सरळ वाणाची असेल तरच बियाण्याला ठेवा. संकरितची ठेवू नका. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजा. ७५ च्या वर निघाले तर बी चांगले. कमी निघाले तर बदलायला अजून दोन महिने हातात आहेत. मृगात ते नसतात. आणि ज्वारी पेरताना बैलाच्या कडब्याचा हिशेबही करा.

पाचवे काम वहीचे. पाडव्याला एक वही घाला. बियाणे, खत, फवारणी, वाहतूक, बैलांची पेंड सर्व लिहा. घरच्या बाईने किती दिवस निंदले, किती दिवस वेचणी केली, तेही मजुरीच्या दराने लिहा. सरकार २०१८-१९ पासून दीडपट हमीभाव सांगते. पण कशाच्या दीडपट? हातचा खर्च आणि घरची मजुरी यांच्या. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात नाही. हे बोलायचे तर आपल्याजवळ आपला हिशेब पाहिजे. तोंडी रडगाण्याला कोणी भाव देत नाही.

इथून गेल्यावर प्रत्येक गावाने पऱ्हाटी काढून संपवण्याची एक तारीख ठरवावी. पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणावी. मृगाचा पाऊस आपल्या हाती नाही. त्याच्या आधीचे दोन महिने आहेत.