टाकीतल्या पाण्याला भरती का येत नाही?

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महाराज, सेक्रेटरी साहेब, आणि एक डोळा दुधाच्या पातेल्यावर ठेवून माझं ऐकणाऱ्या सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

रौप्यमहोत्सवी वर्षात आपली सहल अलिबागला न्यायची ठरली आहे. ते ऐकून परवा बी विंगमधल्या एका चिमुरडीने मला जिन्यात अडवलं. "आजोबा, चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, मग आपल्या टाकीतलं का नाही ओढत?" टाकीत पाणी चढायला मोटारच लागते, हे आपण पंचवीस वर्षं अनुभवतोय! पण प्रश्न अस्सल आहे.

चंद्र टाकीतलं पाणीही ओढतो. मात्र टाकीला, गच्चीला आणि तुम्हा-आम्हालाही तो तेवढाच ओढतो. भरती नुसत्या ओढीने येत नाही, ती ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. चंद्राकडच्या बाजूचं पाणी त्याला जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं. पृथ्वीचा मध्य त्याहून कमी. पलीकडचं पाणी सर्वांत कमी. एका रांगेत तीन मुलं पळतायत असं समजा. पुढचा जोरात, मधला बेताने, मागचा सावकाश. मधल्याला दोन्हीकडचं अंतर वाढलेलंच दिसणार. म्हणून पाण्याला दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना दिवसातून दोनदा भरती होते. आपलं मुळा धरण २६ टीएमसीचं असलं, तरी त्याच्या दोन टोकांत अंतर काही किलोमीटरचंच. तिथे हा फरक जाणवण्याइतका पडत नाही, मग टाकीची काय कथा!

आता सूर्य. त्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. पण तो १५ कोटी किलोमीटरवर, चंद्र पावणेचार लाखांच्या आसपास. इतक्या लांबून अलीकडच्या-पलीकडच्या ओढीत फरक थोडाच राहतो. त्यामुळे भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे बेताची.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवलं. आणि तरी एकदा फसलो. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिघं अलिबागला गेलो होतो. सकाळी ओहोटी होती, तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालतच गेलो. गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर रमलो. साडेदहाला परत निघालो तर वाटेवर गुडघाभर पाणी. वाटलं, जाऊ. मुलीला खांद्यावर घेतलं. थोडं पुढे गेल्यावर पाणी कमरेला लागलं आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. मागून एका कोळी काकांनी जोरात हाक मारून आम्हाला परत फिरवलं. किल्ल्यात आल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनपर्यंत पाणी चढणार." दुपारी होडीने आम्ही किनाऱ्याला आलो. बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

त्यांचं गणित शंभर नंबरी होतं. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. तिथीची पाऊणपट करा, मुंबई-अलिबागकडच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. आपल्या पिढीने पाऊणकी पाठ केली, पण तिचा हा उपयोग आम्हा नगरकरांना कोण सांगणार? समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे!

तेव्हा सहल कमिटीला विनंती : तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये सुट्टीबरोबर तिथीही बघा. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. भरती सुरू होताना पाणी हळू चढतं, त्यालाच आपण फसतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने चढतं. म्हणून ओहोटी संपायच्या आत परत फिरायचं. आणि मुलांनो, वाळूवर गाडी न्यायचा हट्ट बाबांकडे करायचा नाही.

आता बारा वाजत आले आहेत. आज पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अलिबागला या घडीला उधाणाचं पाणी किल्ल्याभोवती असेल आणि ती वाट दिसतही नसेल. इथे दूधही वर यायला लागलंय. ते उतू जाण्याआधी मी थांबतो.