चाऱ्याचे वजन नको, चाऱ्यातला जीव बघा



मागे एका गोठ्यावर गेलो होतो. मालक म्हणाले, "साहेब, गाईला रोज चाळीस किलो हिरवा मका घालतो. पोट टम्म दिसतं, पण दूध काही वाढत नाही. काय चुकतंय?"

मका अगदी कोवळा होता. अशा मक्यात १०० किलोमागे ८५ किलोपर्यंत नुसते पाणी असते. म्हणजे ४० किलोत खरा चारा ६ किलोच! पाणी वगळून जे उरते, त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला तो रोज १० ते १२ किलो लागतो. गाय भरल्या पोटी उपाशी होती.

आता पशुखाद्याच्या पोत्यावरचे शब्द बघू.

प्रथिने : दूध आणि अंग बनायला ती लागतात. ज्वारीच्या कडब्यात ती ३-४ टक्केच असतात. लसूणघासात शुष्क पदार्थाच्या हिशेबाने १८ ते २० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या पशुखाद्यात निदान २२ टक्के हवीत.

पोत्यावर 'क्रूड प्रोटीन' लिहिलेले असते. प्रयोगशाळेत खाद्यातला नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे युरियाचा नत्रही प्रथिने म्हणून धरला जातो. म्हणून खाद्यात युरिया किती, हे दुकानदाराला जरूर विचारा. घरी मात्र अंदाजाने युरिया मिसळू नका. जास्त झाला तर विषबाधा होऊन जनावर दगावते. लहान वासरांना तर मुळीच देऊ नका.

एकूण पचनीय पदार्थ, म्हणजेच टी.डी.एन. : खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही, काही शेणावाटे जाते. पचून शक्ती देणारा भाग तो हा. कडब्यात ५० टक्क्यांच्या आसपास, मक्याच्या दाण्यात ८० च्या वर.

तंतुमय पदार्थ : रवंथासाठी हवेतच, पण ते वैरणीतून मिळतात. खाद्यात ते जास्त असले, तर भुसा-टरफलाला पैसे मोजले असे समजा.

त्या मालकांना हिशेब करून दिला. मका कणसात चीक भरल्यावर कापा. तो २० किलो घाला, त्यातून ४ किलो शुष्क पदार्थ मिळेल. कडब्याची कुटी ५ किलो, त्यातून साडेचार. खाद्य ३ किलो, त्यातून पावणेतीन. झाले सव्वाअकरा किलो! मात्र बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. दूध जास्त असेल, तर खाद्य त्या मानाने वाढवा.

मंडळी, पुढचे पोते घेताना नुसता भाव विचारू नका, आधी चिठ्ठी वाचा. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. गव्हाणीत किती पडले यापेक्षा गाईच्या अंगी किती लागले, यावर दूध ठरते.