पेटंटवर नाव कुणाचं?

रात्री समुद्रात जहाजांना खुणा करायला रंगीत ज्योती लागतात. अमेरिकेच्या मार्था कोस्टन यांनी त्या घडवल्या. नवरा १८४८ साली गेला. पदरी चार मुलं आणि त्याच्या वहीतला अर्धवट आराखडा. पांढरा, लाल जमला. तिसऱ्या रंगासाठी त्यांनी आतषबाजीवाल्यांना पुरुषाच्या नावानं पत्रं लिहिली. बाईला कोण उत्तर देणार? हिरवा मिळाला. दहा वर्षं राबल्या, तरी १८५९च्या पेटंटवर संशोधक म्हणून नवराच. त्या फक्त मिळकतीच्या व्यवस्थापक. सरकारनं हक्क घेतले २० हजार डॉलरला, मागितले त्याच्या निम्म्यात. स्वतःच्या नावानं पेटंट मिळालं १८७१ साली. आमच्या गटानं पापडाचं यंत्र घेतलं, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "बिल मालकांच्या नावानं करू ना?" आम्ही गटाचं नाव सांगितलं.