आग विझवणाऱ्यांची काळजी
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाची आग विझवताना प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले.

पण आग विझली की धोका संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक ठरवले. काजळी कपड्यांना चिकटते, कातडीतून अंगात शिरते. म्हणून ज्वाळा शमल्यावर राख उपसतानाही श्वसनयंत्र हवे. काजळलेला गणवेश केंद्रावरच धुतला जावा, घरी पोराबाळांत जाऊ नये. दरवर्षी तपासणी व्हावी. शौर्याला टाळ्या देताना आपण या गोष्टीही मागायला हव्यात.

आणि आपल्या हातचे एवढे करू: कारेलीबागेतल्या प्रत्येक मंडपाशेजारी बंबाला वाट ठेवू. मेन स्विच कुठे, सिलिंडर किती, आत कोणी आहे का, हे जवान आत शिरण्यापूर्वी सांगू. 'सगळे बाहेर आहेत' एवढी खात्रीची माहितीही त्याचा जीव वाचवू शकते.

गणपती बाप्पा मोरया!